जाईखालची बिळं

काय सांगू ताई तुमाला, आमी मूळचे वडूजकडचे, कोरडवाहू रान, दुष्काळाच्या सालात हिरी तळाला गेल्या तवा आमच्या धन्यांना हितं साताऱ्यात एका रिटायर कॅप्टनसायबांच्या बंगल्यावर माळीकाम घावलं, ऱ्हायला मागं एक खोली.

त्याच खोलीत माजं पयलं पोर झालं. पाचवी पुजली, बारसं ऱ्हायलं, अकराव्या दिशी गेलं. एवढ्या बाळाला जाळत न्हाईत, मीठ घालून पुरत्यात, गावाकडं आपल्याच रानात पुरत्यात, पर रान तिकडं, आनि हितं आमचं काय? सायब पुण्याला गेल्यालं, धन्यांनी बागंच्या कोपऱ्यात जाईच्या येलाखाली त्येला मातीआड केलं. सायबांना सांगितलं न्हाई. चूक आमचीच. कळलं आसतं तर काम गेलं आसतं, खोली गेली आसती, आनि बाळ हितं एकटं ऱ्हायलं आसतं.

म्हैन्याभरानं गुलाब मरायला लागलं. हिरवंगार झाड मान टाकायचं, उचललं की हातात यायचं, खाली मूळच न्हाई. घुशी. आज ह्ये झाड, उद्या त्येच्या पुढचं, आनि रांग जाईकडं निगाल्याली. सायब हसायचे, आरं, आमी फ्रंटवर खंदक खणले, पर ही पलटण आमच्यावर कडी करतीया.

मग एकदा भरदुपारी त्येंनी बिळात मिरच्यांचा धूर सोडायला लावला. हितनं धूर, तितनं धूर, आनि लय वेळानं जाईखालनं आला, बारीक, सरळ, उदबत्तीवानी. सायब म्हनले, तिथं खण. धनी कुदळ घेऊन नुसतं हुबं. सायब वरडले, काय रं, कुदळ जड झाली व्हय? मी म्हनलं, आवं द्या हिकडं.

सायबांकडं पाठ करून बसले, माती वडली. सात-आठ पिल्लं, गुलाबी, डोळं मिटल्याली, बोटाएवढी, वळवळत हुती. त्येंच्याखाली आथरून लाल खणाच्या चिंध्यांचं. मीच शिवल्याली कुंची, पुरताना बाळाच्या डोक्यावर तशीच ठेवल्याली. बाकी काय न्हवतं. काय पन न्हवतं. घूस पळाली न्हवती, बाजूच्या भोकातनं माज्याकडं बगत हुती.

काय गावलं का गं? सायबांनी इचारलं. न्हाई जी, रिकामं हाय, म्हनलं, आनि माती परत वडून घेतली. मागनं इखाच्या गोळ्या टाकल्या सगळीकडं, त्या कोपऱ्यातल्या मी उचलल्या.

पाच-सा वर्सं झाली. गुलाब आता कुंड्यांत, जमिनीत जाई तेवढी टिकतीया. तिथं पाय ठिवला की माती खाली सरकती. मला दोन पोरी हायत, त्येंना तिकडं खेळू देत न्हाई. भाकरी झाल्या की उरल्या पिठाची बारकी चानकी थापती, बिळाच्या तोंडाशी ठिवती. थोरली म्हंती, आये, घुशीला कुनी भाकरी घालतं व्हय? मी तिला घिऊन माघारी फिरती. कोन खातं ते बगायला बी थांबत न्हाई. ज्येच्या तोंडात पडंल, त्येचं पोट भरूदे.