जावेचं अंजीर

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक करताय ना, मग हे ऐका. घणसोलीला आमच्या अंगणात अंजिराची दोन झाडं आहेत, एक माझं, एक तिचं. फळं धरतात ती तिच्याच झाडाला. वर ती मला वाटीभर आणून देते, ते तर जास्तच झोंबतं.

परवा तिच्या झाडाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला. मला मनातून गार वाटलं. तोंड पाडून गेले.

"वंदना, तुझं खोड भुंगेऱ्याने पोखरलंय गं."

"कालच बघितलं, ताई. भोकात तार घालून अळी काढली, पेट्रोलचा कापूस कोंबला, वरून चिखल लिंपला. तुमच्या झाडाला जास्त भोकं होती, म्हणून आधी तुमचंच केलं."

"मला दिसलं नाही ते?"

"तुमी माझ्याच झाडाकडे बघत असता ना."

आता माझ्या झाडाला फळं धरली, तरी कौतुक तिचंच होणार.