केपलिनची लाळ

...नाही, पण मी म्हणतो, लाळेला इंग्रजीत दोन-दोन शब्द हवेत कशाला? लाळ ती लाळ, तिला नाव काय नि गाव काय! पण हे एफी मावशीला सांगणार कोण? गावातल्या लेकरांना आणि त्यांच्याही लेकरांना शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाली, आता अख्ख्या गावाची मावशी.

आमचा केपलिन तुम्हाला ठाऊकच आहे. नाव बोटभर माशाचं आणि कुत्रा वासराएवढा! मान झटकली की लाळ थेट छताला. ब्लान्चनं, म्हणजे आमच्या बायकोनं, स्वयंपाकघराला नवा रंग काढला आणि त्याच संध्याकाळी कपाटाला ही लोंबती झालर! झालं, फर्मान सुटलं, "हेडली, चर्चच्या जत्रेत लाळेची स्पर्धा आहे ना? ह्या लाळेला बक्षीस मिळालं तर कुत्रा चुलीपाशी, नाहीतर हिवाळाभर शेडमध्ये." आता तुम्हीच सांगा, चुलीपाशी घोरल्याशिवाय त्याला चैन नाही, आणि तो घोरल्याशिवाय मला!

स्पर्धा साधी हो. कुत्र्यापुढे खारवलेलं मांस धरायचं, ज्याच्या लाळेची तार लांब तो जिंकला. परीक्षक अर्थात मावशी. शेजारच्या रोलंडच्या कुत्रीची तार गुडघ्यापर्यंत आली, आमच्या पठ्ठ्याची गुडघा ओलांडून पंजाला टेकायला आली, मावशी फूटपट्टी घेऊन वाकली, माझा ऊर भरून आला... आणि ह्याच हातानं मी खांद्यावरचा पंचा ओढला आणि त्याचं तोंड स्वच्छ पुसलं! हसू नका! असला कुत्रा पाळणारा माणूस पंच्याशिवाय घराबाहेर पडतो का? हात आपोआप जातो! अहो, बारशाला मी पाद्रीबाबांची हनुवटी पुसलीय!

रोलंड म्हणतो, गेलं बक्षीस पंच्यात. ब्लान्च तर समुद्राकडे बघत बसली. मला खरंच रडू फुटलं हो. म्हटलं मावशी, पंच्यातली मोज, लाळ ती लाळ!

तर ही बया चष्मा सावरून म्हणते, "हेडली, स्पर्धेच्या फळ्यावर काय लिहिलंय? स्लॉबर. ड्रूल नाही. आपसूक गळते ती ड्रूल, तो शब्द कालचं पोर. स्लॉबर जुना. डच भाषेत त्याचा भाऊबंद आहे, सूप भुरकण्याला वापरतात. तोंडाचा आवाजच तो! आणि नुसतं गळून स्लॉबर होत नाही बाळा, कुणीतरी माखावं लागतं. तेव्हा फूटपट्टी बंद. माखलंय कोण ते बघा."

अख्खी जत्रा माझ्याकडे वळली! टोपी, दाढी, पाठ, कोपरं... आणि रोलंड कोरडा ठणठणीत! मावशीनं माझ्या बाहीला बोट लावलं, बोट चिकटलं, निकाल जाहीर! केपलिननं खुशीत मान झटकली, तो निकाल पुढच्या रांगेच्या तोंडावरही पोचला.

आणि ब्लान्च शब्दाची पक्की, बरं का. कुत्रा चुलीपाशी, अंगाखाली माझीच गोधडी! मी मागोमाग आत शिरतोय तर ही दारात आडवी. "त्याचं तोंड तूच पुसलंस, तो स्वच्छ आहे. माखलेलं कोण, ते मावशीनं गावासमोर ठरवलंय."

...तर असं आहे. सरका जरा, त्या जाळ्यांवर मलाही टेकू द्या. शेड तशी वाईट नाही, तुम्ही मंडळी आलात, चहाही आहे... लाळ कुत्र्याची, नाव माझं!