शिडी कुणी काढायला लावली

— नाही हो साहेब, हातमोजे खरेच आहेत, हात लावून बघा की! नुसती लेबलं निघायची राहिलीत. कामगार खात्याकडून कुणी तपासणीला येणार हे परवा कळलं, अन् काल पेटी हजर. मागच्या वर्षी तुमची समिती आली तेव्हाही आली होती — तुमची गाडी फाटकाबाहेर पडली, की ठेकेदाराच्या माणसानं मोजून परत नेली. आमच्या बायका म्हणाल्या, जाऊ दे, हातांना तासाभराचं माहेरपण तरी मिळालं!

मी? मी यांची सुपरवायझर. विमान रिकामं झालं की आत शिरून झाडणाऱ्या बारा कंत्राटी बायका माझ्या हाताखाली. वीस मिनिटं मिळतात. वीस मिनिटांत दीडशे खुर्च्या — अन् लोक खुर्चीत काय काय सोडून जातात ते सांगत नाही, तुमचा चहा व्हायचाय अजून. विश्रांतीची खोली? ही काय, हीच! कालपर्यंत इथे बादल्या होत्या. त्या कुठे गेल्या विचारू नका, बादल्यांनाही विश्रांती लागतेच की.

अपघात? एकच. लिहिलाय ना वहीत, सुवाच्य अक्षरात — 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तो निष्काळजीपणा म्हणजे माझी भावजय बरं का. धाकट्या भावाची बायको. मीच लावली तिला इथे, म्हटलं घरात बसून काय भिंती मोजतेस. त्या दुपारी विमान आलं उशिरा, आणि वायरलेसवर वरून एकच घोशा — आटपा, आटपा! मी खाली, शिडीच्या गाडीपाशी. बायका भराभर उतरल्या. ही मात्र शेवटच्या रांगेकडे परत फिरली, कुणाच्या तरी बाळाचा बूट राहिला होता म्हणून. कचऱ्याची पिशवी छातीशी, पुढचं दिसेना. दारात आली, पाऊल टाकलं — अन् खाली शिडीच नाही. दोन पुरुष उंची साहेब, खाली सिमेंट. कमरेचं हाड मोडलं. आता भिंत धरून चालते. भाऊ माझं तोंड बघत नाही. ती बोलते — तेच तर नको वाटतं! म्हणते, ताई, तुमचा काय दोष, त्या शिडीच्या ड्रायव्हरनंच घाई केली.

ड्रायव्हरला काढला ना त्याच आठवड्यात. 'इशाऱ्याची वाट पाहिली नाही' — कागद आधीच टाइप केलेला होता, मी फक्त सही केली. सही करायला काय लागतं? नाव लिहिता आलं की झालं.

पाहिली होती हो वाट. चांगली वाट पाहिली बिचाऱ्यानं. 'काढू का मावशी?' म्हणाला. अन् मी हात हलवला — असा. अकरा डोकी उतरली होती, मला वाटलं बारा. वाटलं म्हणजे — मोजलीच नाहीत. मोजत बसले असते तर वरून शिवी आली असती, एवढंच. एका शिवीच्या भीतीनं...

थांबलात का? लिहा ना. फॉर्ममध्ये जागा नाही? पंख्याला रकाना आहे, हातमोज्यांना आहे, अन् याला नाही? मग खाली 'इतर' असेल, तिथे लिहा. लिहा, शिडी सुपरवायझर बाईनं काढायला लावली, ड्रायव्हरनं नाही. लिहिलंत? वाचून दाखवा.

— अं? हो, आमचे ठेकेदार साहेबच ते. या साहेब, या, आम्ही आपलं असंच...

अहो, पण तुम्ही कागद का पालथा घातलात?