बंदूक बसन अशी बॅग

नाही नाही, धनराजभाऊ, हे नाही—हे त पोरीच्या कॉलेजाची झाली, हे गोंडे कायले लटकवले इले? मी काय सांगून राह्यलो अन् तुमी काय काढून राह्यले! छोटी पायजे म्हनलं म्हंजे अशी नाही. छोटी म्हंजे पाठीच्या बाहेर निंगू नाही—तुरीत शिरलं का दोन्हीकून फांद्या घासतात, खर्र खर्र आवाज होते, अन् रानडुक्कर डोळ्यानं अधू असन, कानानं नाही. एका दिवसापुरती पायजे. सकाळी निंगाचं, दिवस बुडाच्या आत घरी. भाकर, पान्याची बाटली, दोरी, मलमपट्टी अन् वनखात्याच्या परवानगीचा कागद, पन्नीत गुंडाळून—झालं सामान. अन् हे सारं ठेवून रायफल बसली पायजे. हो, रायफल. दचकता कायले? लायसनची हाय, पीक राखाची, बापाच्या नावानं होती, आता माझ्या. दौलतसिंग नाव सांगा कोनाले, जऊळक्यापासून इथं शेलूबाजारापर्यंत—डुक्कर वावरात माजलं का पयलं बोलावनं मलेच येते. येत होतं.

ते वरची काढा. ते हिरवी—हो, तेच. इचा तळ पाहू द्या... पातळ हाय बापा. रायफलचा दस्ता खाली बसन, चालता चालता आपटन, आठ दिसात भोक. अशी पायजे, पाहा, का खाली दस्त्याले खिसा, नळी पाठीच्या बाजूनं उभी, वर पट्टा आवळला का हालत नाही. मी पाह्यली ना तसली—रिसोडच्या स्टँडवर, ते जीपवाले शूटर आले ते, बाहेरचे, दुर्बिनीच्या रायफलीवाले, त्यायच्यापाशी. काय बॅग होती! इतकीशी, अन् रायफल तिच्यात अशी बसली होती जसं पाळन्यात पोरगं. अन् कोनाच्या पाठीवर होती सांगू? चंपतच्या. माझ्या चंपतच्या! मले पाह्यलं त्यानं. पाह्यलं अन् मान फिरवली—जसा मी कोनी परका, एसटीची वाट पाहून राह्यलो.

चंपत कोन? चंपत म्हंजे... आता काय सांगू. त्याच्या वावराले माझं वावर लागून. बांधाचा धुरा एक, हीर एक, लहानपनी एकाच म्हशीवर बसून नाल्यावर जात होतो. मी लायसनवाला झालो तवापासून संगं. बॅग कायले लागन मंग? रुखमाबाईनं, आमच्या घरच्यांनं, जुन्या गोधडीची खोळ शिवली होती, खोळीत रायफल, खोळ चंपतच्या पाठीवर. मी पुढं, तो मागं. दोन पायाची बॅग होती माझ्यापाशी, धनराजभाऊ! वाईट अर्थानं नाही म्हनत. असं मानूस भेटत नाही म्हनतो मी. तहान लागली का बाटली पुढं येई, मांगाचं काम नाही. अन् असा मानूस केसानं गळा कापते! घरचा मानूस फिरला ना, भाऊ, त बाहेरच्याचं काय सांगावं.

गेला याचं दुःख नाही. जीपवाल्यायकडे चार पैसे भेटत असतीन, हिंडाले जीप हाय, जाय बापा. पन जाता जाता तोंडात शेन घालून गेला माझ्या. हॉटेलात बसून सांगतलं त्यानं साऱ्याइले, का ते नाल्यावरचं डुक्कर दौलतसिंगानं मारलंच नाही. झालं! गाव म्हंजे काय, कोनी ठिनगी टाकाची वाट पाहून राह्यते. मी गेलो का हॉटेलात चुप्प, मी निंगालो का खी खी. अन् रुखमाबाई—ताट पुढं ठेवलं तिनं अन् इचारते, ‘खरं हाय का हो?’ बायकोनं इचारलं, भाऊ! जेवन गेलं नाही मले. काल सरपंचानं तोंडावर सांगतलं, ‘या हंगामाले जीपवाल्यायलेच बोलावतो, दौलतसिंग. नाही त मंग परवा एकटे जा, एक पाडून दाखवा, पाहू.’ म्हनलं, जातो. एकटाच जातो! परवानगी माझ्या नावाची हाय, रायफल माझी हाय, हात माझे हाय. फक्त पाठीचंच पाहाचं राह्यलं. म्हून सकाळीच आलो तुमच्याकडे, शटर अर्धं होतं तवाच.

कोनतं डुक्कर? अरे, तुमाले माहीत नाही? पेपरात फोटो होता माझा! हरभरा घाट्यावर आला होता, नाल्याच्या काठानं सारं उकरून ठेवलं होतं त्यानं, एका बाईची मांडी फाडली होती. येवढे सुळे—हे पाहा, तुमच्या करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. सकाळचं ऊन निंगालं होतं. मी नाल्यात उतरलो, अन् पाय गेला बाभळीच्या मुळीत, पडलो उताना. पाय निंघे ना. अन् समोरून ते! इथून त्या सुटकेसीयपर्यंत, बस, तेवढंच अंतर. माती उडवत आलं, धनराजभाऊ, त्याचा वास आला मले. म्हनलं संपलं. रुखमाबाईचं कुकू पुसलं. म्हून त तुमाले सांगून राह्यलो का बॅगेतून रायफल झटक्यात निंगली पायजे—गाठीचं काम नाही पायजे, चेनचं नाही पायजे! त्या दिवशी खोळीची गाठ सुटता सुटे ना, शेवटी चंपतनं दातानं सोडली, अन् तिथूनच धुऱ्यावरून—फाट्! माझ्या पायापाशी येऊन पडलं ते.

...

काय?

काय म्हनलं मी? दातानं सोडली म्हनलं. हो, सोडली. मंग? मंग काय मंग! मंग देल्ली त्यानं मले. देल्लीच असन ना! ...मी खाली होतो, हो. तो वर होता, हो. आता तुमी वकील हा का बॅगवाले? रायफल कोनाच्या पाठीवर, मानूस कुठं पडला—तुमाले काय करायचं हाय?

असे नका पाहू माझ्याकडे. कायदा माहीत हाय तुमाले? लायसन माझं! त्यानं चालवली म्हनलं असतं त दोघंयी आत गेलो असतो, रायफल जप्त, अन् डुक्कर मेलं ते मेलं. पंचनाम्याले मानसं यायच्या आधीच मी म्हनलं, ‘चंपत, गोळी मी मारली, समजलं?’ त्यानं मान हालवली. त्यालेच वाचवलं ना मी! ज्याचं करावं भलं तो म्हनते माझंच खरं. मंग ग्रामसभेत शाल देल्ली, नारळ देल्लं—आता तिथं काय मी माइक घेऊन सांगू, का हे अर्धी शाल फाडून त्याले द्या म्हून? तो खाली बसला होता, खोळ मांडीवर घेऊन. टाळ्या वाजवत होता. सगळ्यात जोरानं तोच वाजवत होता, मी पाह्यलं ना. खुश होता. मले वाटलं खुश हाय.

अन् कधी बोलला नाही तो! नंतर इतके दिस संगं हिंडलो, एका शब्दानं नाही. मी सांगे लोकाइले ते गोष्ट, हा बाजूले बसून आयके. सांगता सांगता मलेयी वाटाले लागलं—आता काय सांगू तुमाले—मलेयी वाटाले लागलं का मीच मारलं. मंग यंदा काय इंगळी डसली त्याले? काही झालं नाही. काहीच नाही. सरपंच आले होते घरी, परवानगीच्या कामासाठी. ओट्यावर बसलो होतो आमी तिघं, चहा घेऊन राह्यलो होतो. सरपंचानं सहज म्हनलं, ‘यंदा सत्कार केला त चंपतचाही करू, तोही असते ना तुमच्या संगं.’ मी म्हनलं—हसत म्हनलं, धनराजभाऊ, मजाकीत—‘त्याचा कायचा सत्कार? तो त माझं सामान वाह्यते.’

इतकंच. यात काय खोटं हाय? वाहतच होता ना? चहा पिला त्यानं, कप धुतला, उपडा ठेवला, गेला. दुसऱ्या दिवशी खोळ ओट्यावर, घडी करून. त्यानं भांडाचं होतं माझ्यासंगं! शिव्या द्याच्या होत्या, चार मानसात माझी गचांडी धराची होती, धरू देल्ली असती मी. पन हॉटेलात? लोकायच्या चहावर माझी इज्जत वाटून टाकली त्यानं. अन् खरं असलं म्हून काय झालं? खरं सांगाले दुश्मन हायतच की. दोस्तानं कायले सांगाचं?

जाऊ द्या. द्या इकडे ते हिरवीच, खाली खिसा त हाय इले. तळ डबल शिवून द्या. अन् तुमचा तो शटर ओढाचा गज आना—लांबीनं रायफलीयेवढाच हाय. हं, टाका त्याले खालच्या खिशात. बसला? वरचा पट्टा आवळा. घालतो पाठीवर... मस्त. पाहा, बाहेर कुठंच निंगत नाही, वजनयी वाटत नाही. हेच घेतो. आता समजा डुक्कर आलं. हात मागं नेला—थांबा. खांद्यावरून पोचत नाही. खालून पाहू... गजाच्या खालच्या टोकाले बोटं लागतात, पन उचलत नाही तो. अटकून राह्यलं कुठंतरी. उतरवून काढू म्हनता? वा रे वा! मी बॅग उतरवतोवर डुक्कर काय बिडी पित थांबन? मंग जीपवाले कसे... त्यायच्या मागं असते ना मानूस, ओढून द्याले.

असते मानूस.

कुठं चालले तुमी? मागं कायले आले माझ्या? हात लावू नका. सोडा तो गज, म्हनलं ना! नाही लागत मले कोनी काढून द्याले. मागं कोनी उभं राह्यलं का आता जीव कासावीस होते माझा, समजलं? सरका. तिकडे गल्ल्यापाशी उभे राहा, समोर. अन् तिथूनच सांगा—हा पट्टा कसा सुटते ते.