पुंडलिकच्या पाठीवरच्या पट्ट्या

बसून घ्या बाप्पा, बसून घ्या. मागं खुर्च्या रिकाम्या आहेत. उन्हात उभं राहू नका.

माहं नाव सुधाकर. पुंडलिक ज्या एसटीवर डायवर होता, त्याच गाडीवर मी कंडक्टर होतो. अकोट ते धारणी. जनमभर गाडीत ओरडलो, मागं सरका, पुढं सरका. आज त्याच्या शोकसभेत माईक हातात देला, तरी तेच तोंडात येते.

हं. बोलतो. आमची बोली अशीच आहे, खडबडीत. कोणाले लागलं तं लागू द्या.

मी त्याले उस्ताद म्हणो, तो मले मास्तर. मेळघाटातल्या वळणावर तो एका हातानं स्टेअरिंग फिरवे अन् दुसऱ्या हातानं मले खुणावे, पान दे. असा बिनघोर माणूस. अन् तोच माणूस या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर अडकून पडला. दोन्ही गुडघे गेले. लिफ्ट नाही. तुमाले मी काय सांगू, तुमी इथंच राहता.

मयतीत दोघं-तिघं कुजबुजत होते, म्या ऐकलं. ऑपरेशनले भेला म्हणे. मोप लोकं गुडघे बदलून घेतात, यानं काहून नाही बदलले? भेलाच असन.

भेला नव्हता. ऐका काय झालं ते.

हाडाच्या डॉक्टरनं त्याले विचारलं, काका, कोणत्या धातूनं खाज येते का? उस्ताद खरं बोलला. स्टीलच्या घड्याळानं त्याचं मनगट सोलून निघे. अन् एकदा दाढेवर धातूची टोपी बसवली होती. गाल आतून पांढरा पडला, साधा वरणभात तोंडात घेता येईना. टोपी काढली तवा बरा झाला. डॉक्टर म्हणे, "टोपी काढता आली काका. धातूचा गुडघा कसा काढाल? पहिले तपासून घ्या." बरोबर बोलला का नाही? बरोबरच बोलला.

आता ही तपासणी कशी असते? पाठीवर पट्ट्या चिकटवतात. पट्टीत बारक्या बारक्या वाट्या, एकेकीत एकेक माल. निकेल, कोबाल्ट, क्रोम, हाड चिकटवाचं सिमेंट. दोन दिवस पाठीले पाणी नाही, घाम नाही. मंग पट्टी काढून पाहतात, कुठं लाल झालं. दोन दिवसांनी अजून एक डाव पाहतात. अमरावतीच्या एक चामडीच्या डॉक्टरीणबाई हे करतात. त्या म्हणाल्या, "तुमी दम्याची जी गोळी घेता, ती चालू असली का पाठ खोटं बोलते, लाल व्हाची तिथं होत नाही. गोळी बंद करून या."

छातीच्या डॉक्टरले विचारलं. तो म्हणे, हिवाळ्यात नाव काढू नका. कापसाचे दिवस, जिनिंगची धूळ, गोळी बंद केली तं माणूस हातचा जाईन. पावसाळ्यातही नाही. उन्हाळ्यात करा.

उन्हाळ्यात! अकोल्याच्या उन्हाळ्यात घाम येत नाही अशी पाठ कोणाची आहे? कूलरपुढं बसवला तरी पट्टी निसटतेच.

मंग सांगा, चुकलं कोण? तिन्ही डॉक्टर बरोबर. तिघांच्या मधात उस्ताद. इकडून गेला तं दम, तिकडून गेला तं घाम. हिवाळा सरला अन् ऊन तापलं नाही, असे वर्षातून मोजके दिवस उरले. त्या दिवसांची वाट पाहत गॅलरीत बसे.

अन् त्याच्यासंगं त्याची घरवाली, आमच्या वेणूवहिनी, अडकल्या. त्यांचे गुडघे चांगले ठणठणीत. पण दम उठला तं पंप कोण देईन? भाजीची पिशवी दोरीनं खाली सोडत, दोरीनं वर ओढत. भजन सुटलं, माहेर सुटलं. मी म्हटलं, वहिनी, मी बसतो याच्यापाशी, तुमी बाजार करून या. अर्धा जिना उतरल्या अन् परत आल्या. म्हणे, "भाऊजी, खाली गेली का मले वरचंच ऐकू येते."

मागच्या वर्षी ते दिवस आले. गोळी बंद केली. उस्ताद कसा उतरला माहीत आहे? एकेका पायरीवर बसत, लहान लेकरू उतरते तसा. मी खाली, वहिनी वर. अमरावतीले नेला, पट्ट्या लावल्या, परत आणला. तसाच बसत बसत वर चढवला. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, उद्या धुळवड आहे, सांभाळा. हा हसला. म्हणे, "बाई, मले रंग लावाले वर कोण येते?"

दुसऱ्या दिवशी तुमी आले.

हो, तुमीच. मान खाली घालू नका. तुमच्या मनात चांगलंच होतं. काका एकटे आहेत, चला वर जाऊन रंग लावू. ढोलकी घेऊन आले, बादली घेऊन आले. मी तिथंच होतो. दारात आडवा होऊन बोलणार, तेवढ्यात उस्तादनं डोळ्यानंच मले चूप केलं. मंग तुमी गुलाल लावला. मंग कॉलरीतून एक मग पाणी. मंग सारी बादली. तो हात वर करून नाचून राहिला होता. बसल्या जागी, खुर्चीत.

तुमी गेल्यावर सदरा काढला. पट्ट्या लोंबून राहिल्या होत्या. बाईनं पाठीवर पेनानं खुणा केल्या होत्या, त्या लाल पाण्यात वाहून गेल्या.

मी लय शिव्या देल्या त्याले. अबे, तोंड नव्हतं का तुले? दोन शब्द बोलला असता! सारं वर्ष गेलं तुहं!

तो ओलाच बसला होता. म्हणे, "मास्तर, सांगतलं असतं तं लोकं दारातून परत गेले असते. मंग परत कोण आलं असतं?"

अन् मले बजावलं, त्याहिले सांगू नको. नाही सांगतलं. आज सांगतलं, कारण तुमी त्याले भेकड म्हटलं. तुमाले दोष द्याले नाही सांगत. थोडा द्यालेच सांगतो, खोटं कशाले बोलू? धुळवडीनंतर वर कोण गेलं होतं? हात वर करा. राहू द्या. नका करू.

यंदाचे ते दिवस जवळच आले होते. कॅलेंडर पाहून राहिला होता. अन् गेल्या सोमवारी सकाळी चहाची बशी हातात, अन् गेला. हृदय म्हणे. दम्याचा संबंध नाही, गुडघ्याचा नाही, गोळीचा नाही. कोणीच चुकलं नाही. हेच मले खाऊन राहिलं बाप्पाहो. कोणी चुकलं असतं तं त्याची कॉलर धरली असती, मोकळा झालो असतो. आता कोणाची धरू?

वेणूवहिनी इथं नाहीत, तुमी पाह्यलंच असन. आताच मी बोलवाले वर गेलो होतो. म्हटलं वहिनी चला, आता काही अडचण नाही. त्यांनी चप्पल घातली. कुलूप हातात घेतलं. अन् उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मले म्हणे, "भाऊजी, कुलूप कसं लावू? लावलं तं आत कोणी नाही, असं होईन ना."

एकटाच खाली आलो.

म्हणून माहं एक मागणं आहे. दोन मिनिटं शांत उभं राहाचं, ते इथं नको. ज्याले ज्याले जिना चढता येते, त्यानं वर चला. जिन्यात उभे राहा, दारात उभे राहा, घरात जागा भेटली तं घरात. कोणी काही बोलू नका, वहिनीले समजावू नका. फक्त उभे राहा. अन् उद्या परत जा, तवा बोला.

दार उघडं आहे. चला.