चार प्लेटा एका हातावर

जर्मनीतलं शिक्षण माझ्या लग्नाच्या कामी कसं आलं, सांगतो. नव्वदच्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी कुवेतमधल्या अबू हलीफाला घरी आलो, तर आईनं थेट मुलीकडच्यांनाच जेवायला बोलावलेलं! कॉलेज सांभाळून मी तिकडे हॉटेलात वेटरचं काम करायचो. "ते बोलायचं नाही हं," आईनं बजावलं.

जेवणं झाली. मी सवयीनं उठलो, चार प्लेटा मनगटापासून कोपरापर्यंत एका हातावर रचल्या आणि वर अदबीनं विचारलं, "स्वीट डिशमध्ये काय आणू?"

आई पांढरीफटक!

मुलीचे वडील म्हणाले, "वेटर आहेस की काय रे?"

"असू दे की!" त्यांच्या बायकोनं त्यांना गप्प केलं. "तुम्ही उभ्या जन्मात स्वतःचं ताट तरी उचललंत का? वहिनी, आमचा होकार समजा."