फुकटचं प्यादं

वडील : पाय हलवू नकोस. पट हलतोय.

लेक : आणि मघापासून किल्ल्या कोण खुळखुळवतंय? लावा त्या खिळ्याला.

वडील : डाव संपू दे. जिंकलो तर उद्या शाळेची गाडी मीच काढणार, आणि हा विषय बंद.

लेक : आणि हरलात तर गाडी सोडायची. शब्द दिलाय तुम्ही. बाबा, काल लाल सिग्नल तोडलात. मागे पोरं बसली होती.

वडील : एकदा झालं. लगेच म्हणे लक्ष उडालं. खेळ मुकाट्यानं.

लेक : घोडा पुढे.

वडील : आणि मधलं प्यादं फुकट? तुझंच लक्ष उडालंय. घेतलं बघ माझ्या घोड्यानं.

लेक : नीट बघितलंत?

वडील : घेतलं म्हणतोय ना.

लेक : वजीर बाहेर.

वडील : वा. आता एका घोड्यानं तुझा वजीर आणि हत्ती, दोन्ही कात्रीत.

लेक : बाबा, जरा थांबा. पाणी आणू?

वडील : तहान नाही. चाल कर.

लेक : वजिरानं कडेजवळचं प्यादं मारलं. तुमच्या हत्तीवर नजर आहे.

वडील : हत्ती सरकला. पुढे?

लेक : शह.

वडील : उंट मध्ये. आता काय करशील? बोल की. अशी काय बघतेस माझ्याकडे?

लेक : घोडा इथे. राजाला जागा नाही. उंट हलवता येत नाही.

वडील : थांब. हत्ती... नाही. थांब जरा.

लेक : लहानपणी मी रोज हाच डाव टाकायचे. तुम्ही प्याद्याला हातसुद्धा लावायचा नाहीत. हसून म्हणायचात, हा बेसावध माणसासाठी आहे, घरात चालायचा नाही.

वडील : हाच होता तो?

लेक : म्हणून तर खेळले. वाटलं, बघताक्षणी ओळखाल, जिंकाल, आणि मी गप्प बसेन. मला जिंकायचं नव्हतं, बाबा. चाल परत घ्या ना.

वडील : या घरात कोणी चाल परत घेतलीय कधी? सात वर्षांची होतीस तेव्हा रडवलंय तुला त्यावरून.

लेक : आजच्या दिवस.

वडील : मला ते प्यादं तेवढं दिसलं गं. बाकी काही दिसलंच नाही.

(किल्ल्या पटावर ठेवल्याचा आवाज.)

लेक : बाबा...

वडील : सकाळी तू ने गाडी. दुसरा गिअर जरा अडतो. घाई करू नकोस.